टोपाची आतली बाजू

‘जिरेटोपात जिरे कुठे असतात?’ हा प्रश्न मला सातवीतल्या एका मुलाने विचारला. रेवदंड्याच्या पुढे, मुरूडच्या वाटेवर असलेल्या आमच्या गावच्या शाळेत शिवजयंतीचे नाटक बसत होते आणि हा मुलगा महाराजांची भूमिका करणार होता. भाड्याने आणलेला टोप त्याच्या डोळ्यांवर घसरत होता. तो सावरता सावरता त्याने हा प्रश्न टाकला आणि सगळी मुले हसली. मीही हसलो. घरी येऊन मोल्सवर्थचा कोश उघडला तेव्हा हसू थोडे ओसरले. या जिऱ्याचा फोडणीशी संबंध नाही. फारसीतल्या ‘जिरह्’ या शब्दाचे ते मराठी रूप. जिरह् म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले चिलखत. म्हणजे जिरेटोप हे मुळात लढाईतले शिरस्त्राण. तलवारीचा घाव डोक्यावर आला तर कवटी वाचावी म्हणून घालायची वस्तू.

मुलाच्या हातातल्या टोपाकडे मी पुन्हा पाहिले. पुठ्ठ्याचा सांगाडा, वर भगवे मखमली कापड, सोनेरी जरीची पट्टी, प्लॅस्टिकच्या मोत्यांचे दोन सर, एक तुरा. घाव सोडाच, समुद्रावरचा वारा सोसण्याचीही त्याची ताकद नव्हती. शब्दाने सांगितलेली वस्तू आणि हातातली वस्तू यांच्यात एवढे अंतर कधी आणि कसे पडले? त्या अंतरात आपल्या ऐतिहासिक नाटक-चित्रपटांविषयी काही सांगण्यासारखे दडले आहे का? या लेखाचा विषय एवढाच आहे. मात्र या प्रश्नाकडे मी कोशातून कमी आणि टोप बनवण्याच्या खटाटोपातून जास्त पोचलो, म्हणून तो खटाटोपही सांगणे भाग आहे.

*

आधी चित्रांचा पुरावा पाहू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये शिवाजी महाराजांची सतराव्या शतकाच्या अखेरची दख्खनी शैलीतली चित्रे आहेत. ॲमस्टरडॅमचे चित्र डच संग्रहातले. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे खरे चित्र मराठी वाचकांसमोर आणले, तेही डच परंपरेतलेच. तोवर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे फिरत होते. या जुन्या चित्रांत महाराजांच्या डोईवर दिसते ते वस्त्र आहे, बांधलेली पगडी आहे, तिच्यावर पट्टा आणि तुरा आहे. ते दरबारी शिरोभूषण आहे. चित्रकारापुढे बसलेला राजा रणवेशात असण्याचे कारणही नव्हते.

लोखंडाचा टोप भेटतो तो वेगळ्या ठिकाणी. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली, त्या प्रसंगाच्या वर्णनात. बखरी आणि पोवाडे यांच्या तपशिलांत फरक आहेत, पण अंगरख्याखाली चिलखत आणि डोईच्या वस्त्राखाली लोखंडी टोप होता, हे वर्णन इतिहासलेखनात स्थिरावले आहे. जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या शिवचरित्रातही ते घेतले. या प्रसंगातली महत्त्वाची गोष्ट अशी की टोप दिसत नाही. वर मंदिल आहे, खाली लोखंड. दाखवायची वस्तू वेगळी, वाचवायची वस्तू वेगळी, आणि दोन्ही एकाच डोक्यावर.

त्या काळची हिंदुस्थानी-इराणी घडणीची शिरस्त्राणे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी पाहायला मिळतात. पोलादाची घुमटी, माथ्यावर टोक, तुरा खोवायच्या नळ्या, नाकापुढे वरखाली सरकणारी पट्टी, आणि कान-मानेवर रुळणारी कड्यांची झालर. ही झालर म्हणजेच जिरे. संग्रहालयात पाहणारा माणूस घुमटीवरचे नक्षीकाम पाहतो आणि पुढे सरकतो. मीही अनेकदा तसाच सरकलो आहे. काचेआडच्या टोपाला आतली बाजू असते, तिथे कापसाचे अस्तर किंवा जाड टोपडे लागते, नाहीतर वरचा घाव लोखंडातून सरळ हाडात उतरतो, हे कधी मनात आले नव्हते. ते मनात आले, माझा पहिला टोप फसल्यावर.

*

पहिला टोप मी टोपावरच केला. आमच्याकडे भाताच्या पातेल्यालाही टोपच म्हणतात. मुलाच्या डोक्याचा घेर मोजला, ५४ सेंटीमीटर भरला. शाळेतले गणित आठवून व्यास काढला, साधारण १७ सेंटीमीटर. तेवढ्या व्यासाचा टोप स्वयंपाकघरातून घेतला, उपडा घातला, बाहेरून खोबरेल चोळले आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिंचोक्याच्या खळीत बुडवून एकावर एक चिकटवत गेलो. सात थर झाले. खारी हवा आणि जाड लेप, त्यामुळे वाळायला मी धरलेल्यापेक्षा दुप्पट दिवस गेले. आतल्या थरांना बुरशीचा वास येऊ लागला. शेवटी टोपावरून टोप सुटला, तेव्हा वाटले जिंकलो.

मुलाच्या डोक्यावर तो बसेना. बसण्याऐवजी नुसता ठेवल्यासारखा राही, आणि मान वळवली की डोके एकीकडे नि टोप दुसरीकडे. घेर तर बरोबर होता. मग चूक कुठे? चूक अशी की पातेले गोल असते आणि डोके गोल नसते. कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत डोक्याची लांबी जास्त, कानापासून कानापर्यंत रुंदी कमी. दोहोंत तीन-चार सेंटीमीटरचा फरक सहज असतो. गोल टोप पुढेमागे अडतो आणि कानांपाशी पोकळ राहतो. ज्याने आयुष्यभर डोकी पाहिली पण एकही डोके हाताने मोजले नाही, अशा माणसाची ही चूक आहे.

मी पेणला एका मूर्तिकाराकडे गेलो. पेणमध्ये घरोघरी गणपती घडतात. शाडूचे, प्लॅस्टरचे, अलीकडे कागदाच्या लगद्याचेही. लगद्याचे काम पाहावे म्हणून मी गेलो होतो. त्यांनी माझा टोप हातात घेतला, बाहेरून नजर फिरवली, मग उलटा करून आत पाहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही मुकुट केलाय. मुकुट मूर्तीचा असतो, त्याला आत काही नसतं. तुम्हाला टोप करायचा तर आधी आतून करा.’ वाक्य साधे होते, कारागिराने कारागिराला सांगावे तसे. (मी कारागीर नव्हतो, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.) मूर्तीच्या डोक्यावरचा मुकुट मूर्तीबरोबरच एका साच्यात निघतो. तो काढता येत नाही, घसरत नाही, त्याखाली घाम येत नाही. देवाच्या डोक्याला घाव लागण्याची भीती नसते, म्हणून त्याला अस्तर नसते.

आपल्या ऐतिहासिक नाटक-चित्रपटांतले बहुतेक टोप मला तेव्हापासून मुकुट वाटू लागले.

*

शिवकाल मराठी पडद्यावर येऊन शंभर वर्षे उलटली. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, प्रभातचा ‘उदयकाल’ १९३० चा, त्यात शांतारामबापू स्वतः शिवाजी झाले होते. भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा, चंद्रकांत मांढरे यांच्या भूमिकेसह. ही सगळी कोल्हापूरच्या मातीतली माणसे. पडदे रंगवणारे, पुठ्ठा आणि जर यांतून दरबार उभा करणारे. पुढे महाराजांचे जे चित्र शासनमान्य म्हणून कचेऱ्यांच्या भिंतींवर गेले, ते रंगवणारे जी. कांबळे हेही कोल्हापूरच्या चित्रपट-पोस्टरांच्या परंपरेतले. आपल्या मनातला शिवाजी दिसतो कसा, हे ठरवण्यात या कारागिरांचा वाटा इतिहासकारांइतकाच, कदाचित अधिक आहे. त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. लांबच्या रांगेतल्या प्रेक्षकाला क्षणात ओळख पटेल असे चिन्ह त्यांना हवे होते आणि ते त्यांनी घडवले.

पण चिन्हाची किंमत मोजावी लागते. रंगभूमीला आणि त्याहून अधिक कॅमेऱ्याला चेहरा हवा असतो. त्यामुळे नाकापुढची पट्टी गेली, कान-मान झाकणारी झालर गेली. जिथे कड्या रुळायच्या तिथे मोत्यांचे सर लोंबू लागले. लोखंडाची जागा मखमलीने घेतली. शब्द मात्र राहिला ‘जिरेटोप’. यात आणखी एक गंमत आहे. राज्याभिषेकानंतर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. आज त्यांच्या प्रतिमेचे सर्वांत ओळखीचे चिन्ह ज्या शब्दाने आपण पुकारतो, त्याचा पूर्वार्ध फारसीच आहे आणि त्याचा अर्थ आपण विसरलो आहोत. शब्द परका असण्याला माझी हरकत नाही. मला खटकते ते हे की त्यातले लोखंड आपण हरवले.

लोखंड हरवल्याने काय बिघडते? शिरस्त्राण ही वस्तू एक गोष्ट कबूल करते: हे डोके फुटू शकते. प्रतापगडाच्या पायथ्याशी गेलेला तीस वर्षांच्या आतला तरुण आपण मरू शकतो हे जाणून गेला होता. त्याने त्याची तयारी केली होती आणि ती तयारी वस्त्राखाली लपवली होती. त्या दिवसाचे सगळे नाट्य या जाणिवेत आहे. मुकुट घातलेल्या नायकाला ती जाणीव नसते. तो भेटीला निघतो तेव्हाच जिंकलेला असतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पण त्याच्या पोटात गोळा येत नाही. गेल्या काही वर्षांतल्या भव्य ऐतिहासिक चित्रपटांत तलवारी वाढल्या, संगणकावरचे सैन्य वाढले, तरी भीती वाढली नाही, याचे एक कारण मला इथे दिसते. पुरेसा खर्च झाला, पण तो बाहेरच्या बाजूवर झाला.

याला अपवाद आहेत आणि ते शोधण्यासारखे आहेत. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकात रणांगण नाही, घर आहे. बाप आणि मुलगा यांच्यातली तेढ आहे. तिथे राजाच्या डोक्यावर काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे याला महत्त्व आहे. वेशभूषेने जे काम करायचे ते कानेटकरांनी संवादांवर सोपवले. टोप काढून ठेवल्यावर राजाचे कपाळ ठणकते, हे त्या नाटकाने मराठी प्रेक्षकाला दाखवले.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या कुळातले. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२). राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, संकल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची. यात यम महाराजांचे शिरोभूषण घेऊन ते बरोबर बसेल असे डोके शोधत फिरतो. मी हे नाटक पाहिले तेव्हा ही युक्ती गमतीची वाटली होती. टोप करायला बसल्यावर कळले, ती अचूक आहे. टोप डोक्यावर ठेवणे आणि टोप डोक्याला बसणे यांतला फरक हाच त्या नाटकाचा विषय आहे. ठेवायला कुणीही ठेवू शकतो. घेरही जुळतो. मान वळवली की खरे काय ते दिसते.

*

दुसरा टोप मी आतून केला. मुलाच्या डोक्यावर आधी जाड कापडी टोपी घातली, तिच्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली आणि त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर दिले. पेनाने मधली रेषा, कानांच्या जागा, कपाळाची कड आखली. मग फिल्म सोडवून, रेषांवर कापून सपाट तुकडे केले. हे तुकडे म्हणजे त्या डोक्याचा नकाशा. त्यांवरून व्यायामाच्या चटईचा सहा मिलिमीटर जाडीचा फोम कापला, कडा तिरक्या घेतल्या, चपलांना लावतात त्या गोंदाने जोडल्या. हा गोंद दोन्ही कडांना लावून, थोडा सुकू देऊन, मग दाबायचा असतो. ओला असताना दाबला तर धरत नाही, हे मी दोन तुकडे वाया घालवून शिकलो. त्याचा वास डोक्यात जातो, म्हणून काम पडवीत. फोमला गरम हवा दिली की त्याची छिद्रे मिटतात आणि तो घुमटीसारखा वळतो. त्यावर पातळ फेव्हिकॉलचे थर, मग काळा रंग, मग कोरड्या कुंचल्याने कडांवर रुपेरी. लोखंड चकाकत नाही, फक्त झिजलेल्या कडांवर उजळते. हेही संग्रहालयातल्या काचेपुढे पुन्हा उभे राहिल्यावर दिसले.

झालरीसाठी कोळीवाड्यातून बारीक आसाचे जुने जाळे आणले, दुहेरी करून रंगवले. चार हातांवरून ते कड्यांसारखे दिसते. जिरे सापडले ते असे, मासळीच्या जाळ्यात. आत फोमच्या पट्टीचे कडे, मध्ये दोन बोटे मोकळी जागा, माथ्यावर तुऱ्याच्या नळीतून वारा जाईल असे भोक, हनुवटीखाली पट्टा. कान मोकळे ठेवले, नाहीतर समोरच्याचा संवाद ऐकू येत नाही. पूर्ण टोपाचे वजन एका नारळाहून कमी भरले. मुलाने तो घातला, धावला, मान झटकली आणि जिजाऊंपुढे वाकून मुजरा केला. टोप जागेवरच होता.

प्रयोगाच्या रात्री मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, ‘हा महाराजांचा टोप वाटत नाही रे. शिपायाचा वाटतो.’ मला लागले ते. पण समीक्षा म्हणून ते वाक्य गांभीर्याने घ्यायला हवे. आजोबांना चिन्ह हवे होते आणि ते मागण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे. नाटक काचेआड ठेवायची वस्तू नव्हे. मग पुढच्या प्रयोगात आम्ही खानाच्या भेटीच्या प्रसंगात लोखंडी टोपावर सर्वांसमोर भगवा मंदिल बांधला. मुलगा आरशासमोर उभा राहतो, आधी लोखंड, मग वस्त्र, मग तुरा, आणि काही न बोलता निघतो. राज्याभिषेकाच्या प्रवेशात भाड्याचा मखमली टोप. आजोबा त्या दिवशीही आले होते. मंदिल बांधला जात असताना सभागृहात आवाज नव्हता. आजोबांनी नंतर एवढेच विचारले, ‘खरंच आत लोखंड होतं का?’

*

हा प्रश्न आपल्या सगळ्या स्मारकांना विचारण्यासारखा आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर चर्चा झाली ती गंजलेल्या नटबोल्टांची, सांध्यांची, आतल्या सांगाड्याची. म्हणजे ज्या बाजूकडे अनावरणाच्या दिवशी कुणी पाहिले नव्हते तिची. आम्ही किनाऱ्यावरची माणसे. घराच्या खिळ्यापासून होडीच्या कड्यापर्यंत खारा वारा आतून कसा खातो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असते. तरी प्रतिमा उभी करताना आपण बाहेरूनच सुरुवात करतो.

रायगड जिल्ह्यातच, कर्जतजवळच्या आपल्या स्टुडिओत नितीन चंद्रकांत देसाई यांनी शिवकाळ उभारला आणि २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका घरोघरी पोचली. त्या मालिकेवर वाढलेली मुले आज मोठी झाली आहेत. त्यांच्यापैकी बरीच शिवराज्याभिषेकदिनी रायगड चढतात, डोक्यावर मखमली टोप घालून. गडाच्या पायऱ्यांवर घामाने भिजलेले, काखेत धरलेले, एका हाताने सावरलेले टोप मी पाहिले आहेत. त्या मुलांची भक्ती खरी आहे. त्यांच्या हातात आपण दिलेली वस्तू मात्र चढण चढण्यासाठी केलेली नाही.

म्हणून सूचना एवढीच. ऐतिहासिक नाटक किंवा चित्रपट पाहताना समीक्षकाने एकदा तरी टोप उलटा करून पाहावा. वेशभूषा ‘अस्सल’ आहे का, हा प्रश्न नेहमी बाहेरच्या बाजूचा असतो: रंग बरोबर आहे का, तुरा कोणत्या बाजूला. आतल्या बाजूचे प्रश्न निराळे असतात. हा टोप घालून या माणसाला वाकता येते का? ऐकू येते का? आपल्यावर घाव पडू शकतो हे त्याला माहीत आहे का? या प्रश्नांची उत्तरे वेशभूषाकार एकटा देऊ शकत नाही, ती संहितेत असावी लागतात. पण संहितेत नसतील तर ती पहिल्यांदा टोपातच दिसतात.

सातवीतला मुलगा आता आठवीत गेला आहे आणि त्याचे डोके मोठे झाले आहे. यंदाच्या नाटकासाठी टोप पुन्हा मोजून करावा लागेल. जाळे आणून ठेवले आहे.